महीनचे घोडे आणि संपादनाचा प्रश्न

बंगाली गाण्याचा अलीकडचा इतिहास सांगताना 'महीनेर घोडागुलि' या बँडची कहाणी जवळजवळ ठरावीक शब्दांत सांगितली जाते. १९७५ च्या सुमारास कोलकात्यात गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतः गाणी लिहून, स्वतःच चाली लावून ती गायला आरंभ केला. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन छोट्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. श्रोत्यांना त्या फारशा रुचल्या नाहीत, १९८१ मध्ये मंडळी पांगली, आणि पुढे नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतले. काळाच्या पुढे गेलेला कलावंत, त्याला न ओळखणारा समाज आणि उशिरा मिळालेला न्याय हा साचा मराठी वाचकालाही नवा नाही. साचा सोयीचा आहे, आणि म्हणूनच त्यात एक साधा प्रश्न बुजून जातो. उशिरा जे ऐकले गेले, ते नेमके काय होते?

आज 'महीन'चे गाणे म्हणून सर्वांत अधिक गायले जाते ते 'पृथिबीटा नाकि...' या शब्दांनी सुरू होणारे गाणे. जग लहान होत होत दिवाणखान्यातल्या पेटीत कोंडले गेले आहे, असा त्याचा आशय. अनेकांच्या समजुतीत हे सत्तरीच्या दशकातले गाणे आहे. परंतु त्यात उपग्रह आणि केबल यांचा उल्लेख येतो. घराघरांत केबलची तार शिरली ती १९९१-९२ च्या पुढे. म्हणजे हे गाणे, निदान ज्या रूपात आपण ऐकतो त्या रूपात, १९७७ चे असूच शकत नाही. ते प्रथम आले १९९५ च्या 'आबार बछर कुडि परे' या संकलनात. जुन्या हस्तलिखिताचा काळ ठरवताना आपण जे अंतर्गत पुराव्याचे तत्त्व वापरतो, ते ध्वनिफितीलाही लागू पडते.

तेव्हा 'महीनेर घोडागुलि' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी उभ्या आहेत. एक सत्तरीतला सात जणांचा संच आणि दुसरी नव्वदीतली संपादित गाण्यांची मालिका.

आधी संच. गौतम चट्टोपाध्याय, त्यांचे दोन भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, रंजन घोषाल, तापस दास, अब्राहम मजुमदार आणि तपेश बंद्योपाध्याय असे हे सात जण. सात म्हणून आरंभीचे नाव 'सप्तर्षी'. मध्यंतरी 'गौतम चॅटर्जी बी.एस्सी. ओ संप्रदाय' असेही नाव घेऊन झाले. ('अमुक शाहीर आणि पार्टी' या आपल्याकडच्या पाट्या आठवल्या की त्यातली थट्टा लगेच कळते.) शेवटी रंजन घोषाल यांनी सुचवलेले नाव टिकले. ते जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतले. ही कविता 'सातटि तारार तिमिर' या १९४८ च्या संग्रहात आहे. कार्तिकाच्या चांदण्यात माळावर चरणारे महीनचे घोडे तिथे अश्मयुगातून चालत आल्यासारखे दिसतात. हा महीन कोण, हे कविता सांगत नाही. रवींद्रगीतांच्या शहरात एखाद्या बँडने आपले नाव रवींद्रनाथांकडून न घेता जीवनानंदांकडून घ्यावे, तेही इतक्या दुर्बोध ओळीतून, ही निवड मला केवळ लहर वाटत नाही. जीवनानंद १९५४ मध्ये ट्रामच्या धक्क्याने गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या दोन दशकांत ते शहरी बंगाली संवेदनेचे कवी ठरले. चांदणे आणि ट्राम, माळ आणि धूर एकाच वाक्यात मांडण्याची त्यांची रीत या गाण्यांनी उचलली.

गौतम चट्टोपाध्याय यांच्यामागे आणखी एक इतिहास होता. १९६७ च्या नक्षलबाडीनंतर प्रेसिडेन्सी कॉलेजातली जी मुले चळवळीत ओढली गेली, त्यांत ते होते. तुरुंगवास भोगून ते बाहेर आले. त्याआधी पार्क स्ट्रीटच्या परिसरात अँग्लो-इंडियन वादकांबरोबर त्यांनी पाश्चात्त्य संगीत वाजवले होते. त्यामुळे गिटार, सॅक्सोफोन, व्हायोलिन, बासरी आणि बाउलांची गायकी एकत्र येणे त्यांना परके नव्हते. मात्र तुरुंगातून आलेल्या माणसाने क्रांतिगीते लिहिली नाहीत, याचा उलगडा करणे समीक्षकांना नेहमीच जड जाते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक' असे आहे. उद्विग्न पाखरे आणि कोलकाता यांविषयी. शीर्षकात 'विषयक' हा निबंधी शब्द आहे, आणि तो गाण्याच्या तबकडीवर असावा यात त्या काळच्या मंजुळ प्रेमगीतांना काढलेला चिमटा आहे.

या ध्वनिमुद्रिकेतले 'हाय भालोबाशि' हे गाणे माझ्या मते त्यांच्या पहिल्या पर्वातले सर्वांत पक्व. रचना वरवर पाहता निव्वळ यादीची. आपल्याला काय काय आवडते ते गाणारा सांगत जातो. होडीतून तरंगणे, चांदणे, पिकासो, बुन्युएल, दान्ते, बीटल्स, डिलन, बेथोव्हेन, रविशंकर, अली अकबर. सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणाच्या आवडींची ही यादी कोणत्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू आली असती. तरीही काहीच का आवडत नाही, या एका प्रश्नाशी ती येऊन थांबते. १९७७ च्या बंगालमध्ये या प्रश्नाला वजन होते. ज्यांचे मित्र मारले गेले किंवा बेपत्ता झाले, ज्यांनी आणीबाणी पाहिली आणि त्याच वर्षी डावी आघाडी निवडून आलेलीही पाहिली, त्या पिढीचे हे गाणे. गाण्यात मात्र यातले काहीही नाही. राजकारणाचा एकही शब्द न उच्चारता राजकारणानंतरची रिक्तता सांगण्याचे हे कसब त्या वेळी ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

ते अपयशी का ठरले, याचे उत्तर मात्र केवळ रसिकांच्या माथी मारणे बरे नव्हे. तिन्ही ध्वनिमुद्रिका मिळून दहा गाणीही होत नाहीत. ध्वनिमुद्रण मोठ्या कंपन्यांच्या हाती, आकाशवाणी ठरलेल्या चौकटीची, आणि बंगाली श्रोत्याला गाणे म्हणजे एक गायक, एक कवी आणि एक संगीतकार अशा वेगळ्या नावांनी ओळखायची सवय. सात जण मिळून लिहितात आणि गातात, ही कल्पनाच बसवायला जागा नव्हती. त्यांचे कार्यक्रमही मोजके. स्टार थिएटर, १९७९ मध्ये रवींद्र सदन, १९८० मध्ये कोलकात्याचा आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव. व्यावसायिक नाटकाचे घर, सरकारी सभागृह आणि जॅझचा मंच अशा तीन ठिकाणी एकच बँड उभा राहतो, याचा अर्थ त्याला स्वतःचे ठिकाण नाही.

इथे मला आपल्याकडची लघुनियतकालिके आठवतात. कोलकात्याशी त्यांचे नाते खरोखरचे होते. अशोक शहाणे बंगाली जाणत, बंगालीतून अनुवाद करत, आणि तिकडच्या 'हंग्री' कवींशी त्यांचा परिचय होता. त्यांच्या 'प्रास'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह काढला तो १९७७ मध्येच. कोलटकरांनीही सत्तरीच्या दशकात इंग्रजीत गाणी रचली होती. त्यांतली काहींची शब्दरूपे त्यांच्या मृत्यूनंतर 'द बोटराइड'मध्ये छापली गेली, गाणी म्हणून मात्र ती लोकांपर्यंत पोचली नाहीत. कागद स्वस्त होता, सायक्लोस्टाइल यंत्र मित्राकडे मिळे. ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ मित्राकडे मिळत नसे. कवितेचे लघुनियतकालिक निघू शकले, गाण्याचे निघू शकले नाही, यामागे असे रोकडे कारण आहे.

ते निघाले ते कॅसेट आल्यावर. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय यांचे 'तोमाके चाइ' आले आणि स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या माणसाला बंगालीत एकाएकी श्रोता मिळाला. मग १९९५ च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात 'आबार बछर कुडि परे' प्रकाशित झाले. हे शीर्षकही जीवनानंदांचेच, वीस वर्षांनी पुन्हा भेट झाली तर अशा अर्थाचे. पुस्तकांच्या जत्रेत गाण्यांचे प्रकाशन, आणि त्यावर शब्द 'महीनेर घोडागुलि संपादित'. संपादित हा शब्द गाण्यांच्या कॅसेटवर मी अन्यत्र पाहिलेला नाही. गौतम चट्टोपाध्याय यांनी जुना संच पुन्हा उभा केला नाही. त्यांनी तरुण बँड आणि गायक जमवले, इंग्लंडमध्ये राहून वर्षानुवर्षे बंगाली गाणी रचणाऱ्या अरुणेंदु दासांची गाणी घेतली, आपली नवी गाणी त्यात मिसळली आणि या सगळ्याला जुने नाव दिले. मालिकेत 'झरा समयेर गान' (१९९६) आणि 'माया' (१९९७) धरून पुढे आणखी तीन संकलने आली.

याचा एक परिणाम असा की नाव मोठे झाले आणि त्याखालची माणसे पुसट झाली. अरुणेंदु दासांची गाणी कित्येक जण 'महीन'ची म्हणूनच गातात. संपादकाने नाव दिले असले तरी श्रोता मुखपृष्ठ वाचत नाही. दुसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा. एका विस्मृत बँडला संपादनाने परंपरेचे रूप दिले. 'आम्ही पूर्वीपासून आहोत' असे नव्वदीतल्या बंगाली बँडांना म्हणता आले ते या चार संकलनांमुळे, सत्तरीतल्या तबकड्यांमुळे नव्हे. त्या तर तेव्हा मिळतही नव्हत्या. वंशावळ बहुधा वंशजच लिहितात. इथे पूर्वजाने स्वतः ती लिहायला घेतली, हे वेगळेपण.

१९९९ मध्ये गौतम चट्टोपाध्याय यांचे निधन झाले. २००६ मध्ये 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटात 'पृथिबी'च्याच चालीवरचे 'भीगी भीगी' आले, गायक बांगलादेशचे जेम्स. पेटीत कोंडल्या गेलेल्या जगाविषयीचे गाणे शब्द गमावून त्याच पेटीतून देशभर पोचले. त्यातल्या विनोदाकडे फार जणांनी लक्ष दिले नाही. चर्चा झाली ती चालीच्या हक्काची, आणि तीही 'सत्तरीतले गाणे' असे गृहीत धरून.

तापस दास २०२३ मध्ये गेले, रंजन घोषाल त्याआधी २०२० मध्ये. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'दृश्यमान महीनेर घोडागुलि' असे होते. ती १९७९ ची. तिच्यानंतर दोन वर्षांत संच उरला नाही.