स्त्रीची लैंगिकता आणि अनुभवाचे प्रामाण्य

अमेरिकेतील जहाल स्त्रीवादी लेखनाचा इतिहास बहुधा पुरुषसत्तेविरुद्धच्या बंडाचा इतिहास म्हणून मांडला जातो. तो तसा आहेच. परंतु त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा एक प्रश्न आहे. स्त्रीच्या देहानुभवाविषयी कोणाचा शब्द प्रमाण मानावयाचा? १९६८ ते १९८४ या काळात या प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांनी स्त्रीच्या लैंगिकतेची कल्पना पालटली, आणि त्या उत्तरांतील अंतर्विरोधातूनच पुढे ही परंपरा दुभंगली.

वयात येताना स्त्रीची कामसंवेदना शिश्निकेकडून योनीकडे संक्रमित व्हावयास हवी, असे फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये प्रतिपादन केले होते. ज्या स्त्रीच्या ठायी हे संक्रमण घडत नसे, ती अपरिपक्व ठरे. किन्से यांचा १९५३ चा अहवाल आणि मास्टर्स व जॉन्सन यांचे १९६६ चे संशोधन यांनी या उपपत्तीचा शारीरिक आधार काढून घेतला. म्हणजे अ‍ॅन कोएड्ट यांनी १९६८ मध्ये ‘न्यूयॉर्क रॅडिकल विमेन’ या गटाच्या पत्रिकेत योनिगत कामतृप्तीच्या मिथकावर लिहिले, आणि १९७० मध्ये त्या लेखाचा विस्तार केला, तेव्हा वस्तुस्थिती नवी नव्हती. नवा होता तो तिला विचारलेला प्रश्न: सत्य ज्ञात असूनही मिथक टिकते ते कोणाच्या सोयीसाठी? संभोगाची प्रमाण रीत पुरुषाच्या तृप्तीवरून ठरली आणि स्त्रीने आपली अतृप्ती हा स्वतःचाच दोष मानला, हे त्यांचे उत्तर होते. भिन्नलिंगी संबंध हा मग एकमेव मार्ग न राहता एक पर्याय ठरतो, हा निष्कर्षही त्यांनी टाळला नाही.

या मांडणीला बळ होते ते जाणीव-जागृतीच्या गटांचे. तेथे स्त्रिया आपापले अनुभव सांगत. एकीने मनात दडवलेला न्यूनगंड अनेकींचा आहे असे दिसले, की तो खाजगी राहत नसे. साहित्यसमीक्षेत हीच दृष्टी केट मिलेट यांनी आणली. कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधातून सिद्ध झालेल्या त्यांच्या ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ (१९७०) या ग्रंथात लॉरेन्स, हेन्री मिलर आणि मेलर यांची संभोगवर्णने सत्तासंबंधांची वर्णने म्हणून वाचली गेली. लेखक, निवेदक आणि पात्र यांतील अंतर मिलेट पुसून टाकतात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही या वाचनानंतर अशा वर्णनांकडे केवळ ‘धीट वास्तववाद’ म्हणून पाहणे शक्य राहिले नाही.

मात्र या यशातच पुढील पेच दडलेला होता. कामेच्छाच सत्तेने घडवली असेल, तर आपल्या सुखाविषयी स्त्री जे सांगते, ते तरी निर्दोष कसे मानावे? ऑड्री लॉर्ड यांनी १९७८ मध्ये कामोर्जेला अश्लीलतेपासून वेगळे काढून ती स्त्रीच्या आत्मज्ञानाचा स्रोत मानली. एड्रियन रिच यांनी १९८० मध्ये भिन्नलिंगी संबंध ही लादलेली राजकीय संस्था असल्याचे मांडले. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन यांच्या लेखनात तर स्त्रीची संमतीही संशयास्पद ठरली. १९८३ मध्ये या दोघींनी मिनिॲपोलिससाठी अश्लील साहित्याविरुद्ध नागरी कायद्याचा मसुदा तयार केला. नगरपरिषदेने तो संमत केला, पण महापौरांनी नाकारला.

तत्पूर्वी, २४ एप्रिल १९८२ रोजी, बर्नार्ड महाविद्यालयातील परिषदेत हा संघर्ष उघड झाला होता. कॅरोल व्हान्स यांच्या संयोजनाखालील या परिषदेचा विषय स्त्रीची लैंगिकता हा होता. अश्लीलताविरोधी स्त्रियांनी बाहेर निदर्शने केली, आणि महाविद्यालयाने परिषदेची पुस्तिका जप्त केली. तेथील निबंध १९८४ मध्ये ‘प्लेझर अँड डेंजर’ या ग्रंथात संकलित झाले. धोक्याचे भान ठेवताना सुखाची भाषा गमावू नये, ही त्यामागील भूमिका होती.

या इतिहासात विजयी पक्ष शोधणे व्यर्थ आहे. बलात्कार आणि हिंसा यांचे लैंगिकतेशी असलेले नाते जहाल लेखनानेच दृश्य केले. त्यावाचून संमतीची आजची चर्चा संभवली नसती. परंतु वैद्याच्या आणि मनोविश्लेषकाच्या हातून काढून घेतलेला निर्णयाचा अधिकार जेव्हा भाष्यकार स्त्रीच्याच हाती एकवटू लागला, तेव्हा कोएड्ट यांचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला. अनुभव सत्तेने घडतो हे मान्य करूनही अनुभव सांगणारीचा शब्द अवमानित होऊ नये, अशी पद्धती घडवण्याचे कार्य या लेखनाने मागे ठेवले आहे.