सत्यवानाचा प्रश्न

परळी वैजनाथच्या क्षेत्रमाहात्म्यात मृत्यूला माघारी धाडणाऱ्या दोन कथा आहेत. अल्पायुषी मार्कंडेयाला वैद्यनाथाच्या कृपेने आयुष्य लाभले ते येथे. सावित्रीने सत्यवानाचे प्राण परत मिळवले तेही येथल्याच वडाखाली. योगायोग असा, की महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराला सावित्रीची कथा सांगणारे ऋषी मार्कंडेयच आहेत.

वटपौर्णिमेला आपण सावित्रीचे बोलणे ऐकतो, सत्यवानाचे ऐकत नाही. वनपर्वात मात्र तो बोलतो. लाकडे तोडताना त्याचे डोके दुखू लागते आणि तो पत्नीच्या मांडीवर आडवा होतो. शुद्धीवर आल्यावर तो विचारतो, मला ओढून नेणारा तो सावळा पुरुष कुठे गेला? मग तो सांगतो की घोर अंधार दिसला, तेजस्वी पुरुष दिसला. हे स्वप्न होते की सत्य? आज ज्याला मृत्युसमीप अनुभव म्हणतात, त्याविषयीचा मूळ वाद या प्रश्नात आलेला आहे.

रेमंड मूडी यांच्या १९७५च्या पुस्तकाने पाश्चात्त्य अनुभवांतला बोगदा आणि प्रकाश जगाला परिचित केला. १९८६मध्ये सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हन्सन यांनी १६ भारतीय अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत बोगदा नव्हता. यमदूत होते, खातेवही होती आणि ‘चुकीचा माणूस आणला’ म्हणून परत पाठवणी होती. मरणाच्या दारात माणसाला काय दिसते, हे त्याने लहानपणापासून काय ऐकले यावर बरेच ठरते, असे मला यावरून वाटते.

पण तेवढ्याने उगम ठरत नाही. २००१मध्ये पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांची पाहणी केली. असा अनुभव फक्त ६२ जणांनी सांगितला. केवळ प्राणवायूची कमतरता हे कारण असते तर तो बहुतेकांना यायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे. उलट २०१३मध्ये जिमो बोर्जिगिन यांच्या प्रयोगात उंदरांचे हृदय थांबल्यावर पहिल्या ३० सेकंदांत मेंदूत सुसंगत लहरींची उसळी दिसली. म्हणजे हृदय थांबताच मेंदू निमूटपणे विझत नाही. उंदराला काय जाणवले, हे मात्र कोण सांगणार?

सत्यवानाच्या प्रश्नाला सावित्री रानात उत्तर देत नाही. रात्र फार झाली, उद्या सांगेन, म्हणते. आश्रमात पोचल्यावर ऋषींनी विचारले तेव्हा ती सारे सांगते. कथेत सत्य ठरते ते जागेपणी यमाला पाहणाऱ्या साक्षीदारामुळे. सॅम पार्निया यांनी नेमका असाच पुरावा शोधला. छताजवळूनच दिसतील अशी चित्रे त्यांनी रुग्णालयांतल्या फळ्यांवर ठेवली. २०१४च्या अहवालात पाहिल्या-ऐकल्याच्या आठवणी दोघांनी सांगितल्या. दोघांचेही हृदय फळ्या नसलेल्या जागी थांबले होते.

तशी साक्ष मिळेपर्यंत मी उगम शरीरातच मानतो. तरी व्हॅन लोमेल यांच्या रुग्णांपैकी हा अनुभव आलेल्यांची मृत्यूची भीती आठ वर्षांनंतरही इतरांपेक्षा कमी होती. म्हणून परतलेल्याला कोणी वेड्यात काढू नये आणि त्याचा चमत्कारही करू नये. आधी त्याचे ऐकावे. सत्यवानाचे आपण ऐकले नाही.