काळ्या मातीवरची फरसबंदी : वर्ध्यातील एका जुन्या झगड्याचा इतिहास

१/११
वर्धा जिल्ह्यातील शाळांची प्रांगणे, ग्रामपंचायतींची आवारे आणि घरांपुढच्या गाडीवाटा आता सिमेंटच्या ठोकळ्यांनी, म्हणजे 'पेव्हर ब्लॉक'नी मढलेल्या दिसतात. त्या ठोकळ्यांखाली जेमतेम दीड इंच वाळू असते. ती समतल करण्यासाठी कारागीर एवढा जीव का टाकतो, याचे उत्तर काळ्या मातीशी दीडशेहून अधिक वर्षे चाललेल्या झगड्यात आहे.

२/११
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्यांतून घडलेला बेसाल्ट झिजून वर्ध्याची काळी, कसदार जमीन तयार झाली. या मातीतील चिकण कण पावसात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. मग शेतात खोल भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा हा गुण कपाशीला पोषक, परंतु रस्त्याला मारक ठरला.

३/११
या स्वभावाची जाण गावकऱ्यांना पूर्वापार होती. म्हणून अंगणात काळ्या मातीवर मुरमाची भर घालायची, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे आणि वरून शेणाने सारवायचे, अशी रीत पडली. मुरूम हा अर्धवट झिजलेला खडक. तो पाण्याने फारसा फुगत नाही आणि ठोकला की घट्ट बसतो.

४/११
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या पेठेकडे वळली. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण झाला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. आगगाडी आली, तरी कापूस स्थानकापर्यंत न्यायचा तो बैलगाडीनेच, आणि लोखंडी धावेची चाके ओल्या काळ्या मातीत रुतून बसत.

५/११
त्या काळी रस्तेबांधणीवर स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॅडम याच्या विचारांचा पगडा होता. भार अखेर मूळ जमीनच पेलते. ती कोरडी राखली आणि वर बारीक फोडलेल्या खडीचा थर दिला की पुरे, असे त्याचे म्हणणे. तत्त्व खरे होते. पण चार महिने पाऊस झेलणारी काळी माती कोरडी राखणे, हेच सर्वांत कठीण काम होते. ओली माती वर येई आणि खडी खाली जाई.

६/११
यावरचा तोडगा अंगणाच्याच रीतीत होता. काळी माती खरवडून काढणे, मुरूम भरणे, थराथराने पाणी मारून दाबणे, दोन्ही कडांना नाल्या खोदणे आणि मगच खडी पसरणे. आजही वर्ध्यात भरवशाची फरसबंदी याच क्रमाने होते.

७/११
या समतल वाटांमागे उपाशी माणसांचे श्रम आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात मदतकामे निघाली. हजारो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, माती वाहिली. १९७२ च्या दुष्काळातही महाराष्ट्रात तेच दृश्य दिसले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला.

८/११
धोरण मात्र उशिरा आखले गेले. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले, तेव्हा तिथवर बारमाही सडक नव्हती. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद शेजारच्या नागपुरात भरली आणि देशाच्या पहिल्या वीस वर्षांच्या रस्ते आराखड्यात राष्ट्रीय महामार्गांबरोबर गावरस्त्यांनाही स्थान मिळाले.

९/११
सिमेंटच्या ठोकळ्यांचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये झाला. तेथे विटांची फरसबंदी जुनीच होती. परंतु उद्ध्वस्त घरे उभारण्यासाठी विटा कमी पडू लागल्या, तेव्हा रस्त्यांसाठी काँक्रीटचे ठोकळे पुढे आले. भारतात त्यांच्यासाठी २००६ मध्ये 'आयएस १५६५८' हे मानक प्रसिद्ध झाले.

१०/११
वाळूचे काम नाजूक असते. दाबलेल्या मुरूम-खडीवर उताराच्या अंदाजाने सारख्या जाडीचे दोन पाइप ठेवतात, मधे किंचित ओलसर, मातीविरहित वाळू टाकतात आणि पाइपांवरून सरळ पट्टी ओढतात. थर साधारण २० ते ४० मिलिमीटर राहतो. पाइप काढून त्यांच्या खाचा हलक्या हाताने भरतात. यानंतर त्या वाळूवर कोणी पाऊल ठेवत नाही. कारागीर बसवलेल्या ठोकळ्यांवर उभा राहूनच पुढचा ठोकळा मांडतो. शेवटी यंत्राच्या कंपनाने ठोकळे खाली बसतात, वाळू सांध्यांत वर चढते आणि उरलेले सांधे बारीक, कोरड्या वाळूने भरले जातात. कडेला पक्का बांध नसेल, तर वाळू निसटते आणि ठोकळे पांगतात.

११/११
घाईच्या कामात एक चूक नेहमी घडते. खालच्या मुरमातला खड्डा मुरमाने न भरता वाळूनेच भरून टाकतात. पट्टी फिरते, पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. पण जिथे वाळू जाड, तिथे ती अधिक दबते आणि गाडीची वर्दळ सुरू झाली की तोच खड्डा ठोकळ्यांवर उमटतो. त्यात काळी माती काढायची राहून गेली असेल, तर पहिल्या पावसाळ्यात फरशी फुगते आणि पुढच्या उन्हाळ्यात खचते. वाळूने ठोकळ्याला बैठक द्यायची. समतलपणा आणि उतार मात्र तिच्या खालच्या थरातच साधावा लागतो. अंगणात मुरूम ठोकणाऱ्या पिढ्यांना मानक ठाऊक नव्हते, पण हा नियम पाठ होता.