अष्टपैलू कच्चाच असतो

जबलपूरच्या मराठी घरात पुस्तकाचं ‘पान’ असतं, शाळेत गेलं की त्याचा ‘पन्ना’ होतो. दोघांची आई एकच: संस्कृत पर्ण, प्राकृत पण्ण. हिंदीत पाचूही पन्नाच, आणि हिरव्या रंगावरून त्याचंही नातं पर्णाशी जोडतात. गंमत अशी की जबलपूरच्या उत्तरेला पन्ना नावाचं गाव आहे आणि तिथे पाचू नव्हे, हिरे निघतात. (गावाचं नाव पद्मावती देवीवरून पडलं, असं तिथले लोक सांगतात.) उथळ खाणीतली खडी धुवायची, वाळवायची, हाताने वेचायची, खडा सापडला तर हीरा कार्यालयात जमा करायचा. लिलाव सरकार करतं आणि रॉयल्टी कापून उरलेले पैसे ज्याला खडा सापडला त्याला मिळतात.

असा खडा पाहिला तर हिरा वाटत नाही. तेलकट, मंद चकाकी. याला अजून पैलू पाडायचे आहेत, असं आपण म्हणतो. पैलू म्हणजे फारसी ‘पहलू’, कूस किंवा बाजू. बरगडीला संस्कृतात पर्शु म्हणतात, ती या पहलूची नातलग. आणि आपली फासळी याच पर्शूच्या घरातली. म्हणजे हिऱ्याचा पैलू आणि माणसाची फासळी चुलत भावंडं निघाली.

मग ‘अष्टपैलू’मध्ये आठच का? अष्टप्रधान, अष्टावधानी, अष्टभुजा. आठ हा आपल्याकडे भरपूरपणाचा आकडा आहे, हे खरं. पण बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षे’त उत्तम हिऱ्याचं लक्षण पाहा: सहा कोन, आठ फलक, बारा धारा. हे वर्णन खाणीतून निघालेल्या स्फटिकाचं आहे, पाठीला पाठ लावलेल्या दोन पिरॅमिडांसारख्या आकाराचं. आजच्या गोल ‘ब्रिलियंट’ हिऱ्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलू असतात. तेव्हा अक्षरशः अष्टपैलू असतो तो सहाणेचा हात न लागलेला हिरा. क्रिकेटच्या समालोचकांना हे कळवून उपयोग नाही.

जुन्या रत्नपारख्यांना हा कच्चेपणा उणेपणा वाटत नसे. पात्याने कापलेल्या, वारंवार घासलेल्या हिऱ्याचा गुण जातो, असं ‘अगस्तिमत’ बजावतं. सतराव्या शतकात दक्षिणेतल्या खाणी पाहणाऱ्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही लिहून ठेवलंय की खडा निर्मळ असेल तर इथले कारागीर त्याला चाक जेमतेम लावतात. डाग असेल तर मात्र बारीक बारीक पैलू पाडून तो झाकतात. जास्त पैलू म्हणजे जास्त झाकपाक! त्र्यंबकेश्वराचा ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला तेव्हा सुमारे नव्वद कॅरटचा होता. लंडनच्या सराफांनी त्याला नवे पैलू पाडले, वजन ऐंशीच्या आसपास आलं. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटवर आणला, आणि दिला तो घाट कोणता? ‘एमराल्ड कट’, म्हणजे पन्नाच.

लिखाणातही कच्च्याचे शब्द ‘अष्टपैलू’सारखेच सरकले आहेत. मसुदा अरबीतून आला. त्याचा अर्थ ‘काळं केलेलं’, आपण तो कच्च्या खर्ड्याला वापरतो. अपुरं पुस्तक वाचकाच्या हाती देण्याची रीतही आपल्याला परकी नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ लोकांनी आधी ‘करमणूक’ या साप्ताहिकात तुकड्यातुकड्याने वाचली, पुस्तक मागाहून आलं. ‘क्रमशः’ म्हणजे खरं तर ‘क्रमाने’. नियतकालिकांनी त्याला ‘अजून संपलेलं नाही’ या अर्थाला जुंपलं.

सगळ्यांत मोठी बढती मात्र ‘पांडुलिपी’ला मिळाली. पांडुलेख म्हणजे खडूने लिहिलेला कच्चा मजकूर. वादीचं म्हणणं आधी फळ्यावर किंवा जमिनीवर असं लिहावं, कमीजास्त दुरुस्त करावं आणि मगच पत्रावर उतरवावं, असा स्मृतिकारांचा दंडक होता. पुसण्यासाठीच लिहिलेली ही अक्षरं आज हिंदीत काचेच्या कपाटातली दुर्मीळ पोथी झाली आहेत. जबलपूरचा हिंदी लेखक प्रकाशकाला ईमेलने धाडतो तीही पांडुलिपीच. त्याला हसायचा हक्क आपल्याला नाही. मराठी प्रकाशक अजून ‘हस्तलिखित युनिकोडमध्ये पाठवा’ म्हणतातच.