तिसरा कोण?

वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी मोटरसायकल शिकायला घेणार हे ऐकून घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी सौ.नी एवढंच विचारलं, "विमा तरी नीट उतरवणार ना?" प्रश्न साधाच. पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस मी, उत्तर शोधता शोधता थेट १९३९ सालापर्यंत जाऊन पोचलो!

आधी गाडीच्या निवडीबद्दल. आमच्या तरुणपणी निवडायला होतं काय? मद्रासला १९५५ पासून तयार होणारी बुलेट, म्हैसूरहून १९६१ पासून येणारी जावा आणि राजदूत. स्कूटर हवी असेल तर नंबर लावायचा आणि काही वर्षं थांबायचं. पुढे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. चार-स्ट्रोक इंजिन, पेट्रोल कमी पिणारी. बघता बघता शिक्षक, कारकून, दूधवाले सगळ्यांच्या दारात मोटरसायकल उभी राहिली. माझ्या दारात मात्र सायकलच राहिली, आणि त्याला कारण होतं.

१९७४ साली मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडील संध्याकाळी बाजारातून पायी घरी येत असताना एका राजदूतने त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. आठ महिने अंथरूण, आणि नंतर कायमचं लंगडणं. गाडीच्या विम्याची मुदत केव्हाच संपलेली होती. मालक होता एक गरीब फिटर. तो दवाखान्यात येऊन रडला आणि पन्नास रुपये उशाशी ठेवून गेला. वडिलांनी ते परत पाठवले. "त्याच्याकडे तरी काय आहे?" म्हणाले. आईने मला देवापुढे उभं करून शपथ घातली, की मोटरसायकलला हात लावायचा नाही. ती असेपर्यंत मी ती पाळली.

आता तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता की! ब्रिटनमध्ये १९३० साली वाहन-मालकाला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तेच तत्त्व आलं, पण त्यातलं विम्याचं प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ ला. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात-भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. म्हणजे १९७४ साली सगळं कागदावर होतं. पण अर्जाची मुदत सहा महिने, आणि वडील आठ महिने अंथरुणात! शिवाय चूक गाडीवाल्याची होती हे सिद्ध करायचं जखमी माणसाने. अंधारात साक्षीदार कुठून आणणार? चूक सिद्ध न करताही काही ठरावीक रक्कम मिळावी, ही तरतूद १९८२ साली आली. तेव्हा मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. आम्हाला उशीर झाला होता. असो.

माझा एक जुना विद्यार्थी विम्याचं काम करतो. त्याला घरी बोलावलं. म्हणाला, "सर, तुम्हाला पाय टेकणारी गाडी हवी." अगदी बरोबर. साडेतीनशे सीसीची बुलेट जवळजवळ १९५ किलो भरते. स्टँडवरून ती काढतानाच माझा अपघात व्हायचा! स्प्लेंडर आहे ११२ किलोच्या आसपास, बसण्याची उंची ७८५ मिलिमीटर. दोन्ही पाय जमिनीला टेकले तेव्हाच मन ठरलं. थर्ड पार्टीचा हप्ताही इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ७५ ते १५० सीसीपर्यंत ३,८५१ रुपये, त्यापुढे ३५० पर्यंत ७,३६५.

"पाच वर्षांचे एकदम का रे?" मी विचारलं.

"सर, लोक पहिल्या वर्षानंतर विमा भरतच नाहीत. म्हणून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा केला."

मला तो फिटर आठवला. त्यानेही भरला नव्हता.

मग त्याने बारीक अक्षरं वाचून दाखवली. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवली तरी विमा चालतो, पण नियम पाळले तरच. गाडीला पुढेमागे लाल 'एल' हवा आणि पक्का परवाना असलेला शिकवणारा सोबत हवा. एकट्याने चक्कर मारून काही झालं तर स्वतःच्या गाडीची भरपाई विसरायची. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, तोही मी काढला. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. पुतण्या रोज सकाळी मैदानावर मागे बसतो आणि "काका, क्लच!" म्हणून ओरडतो. पस्तीस वर्षं मी ओरडलो, आता ऐकायची पाळी माझी!

विद्यार्थी निघताना मी त्याला विचारलं, "थर्ड पार्टी म्हणजे नेमका कोण रे?" तो म्हणाला, "सर, पहिले तुम्ही, दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कोणीही."

इतकी वर्षं मी समजत होतो की विमा आपल्यासाठी उतरवायचा असतो. माझ्या हाडांसाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा आहेच, पंधरा लाखांचा. पण कायद्याने १९४६ पासून सक्ती केली ती बाजारातून पिशवी घेऊन पायी घरी येणाऱ्या माणसासाठी. त्याचं नाव पॉलिसीवर कुठेच नसतं. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सौ.ना पॉलिसी दाखवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. वडिलांच्या फोटोखाली ठेवली आणि म्हणाल्या, "संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा."