सिमेंटचा जलसंयोग : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय अभ्यास

सिमेंट व पाणी यांच्या विक्रियेतून बनणारे घनपदार्थ आणि त्यांमधील छिद्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासण्याची पद्धत. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी रासायनिक संयोग होऊन कठीण होते. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होते आणि नव्या बांधकामावर काही दिवस पाणी मारावे लागते.

पार्श्वभूमी : आंरी ल शातल्ये यांनी १८८७ मध्ये हे काठिण्य एकमेकांत गुंतलेल्या स्फटिकांमुळे येते असे मांडले, तर व्हिल्हेल्म मिखाएलिस यांनी १८९३ मध्ये त्याचे श्रेय जेलीसारख्या पदार्थाला दिले. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात सु. ०.२ मायक्रोमीटरपेक्षा लहान तपशील वेगळे दिसत नसल्याने वाद रेंगाळला. १९६५ मध्ये क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आल्यानंतर ही रचना थेट पाहता येऊ लागली.

निरीक्षणे : पोर्टलंड सिमेंटच्या क्लिंकरमध्ये (भट्टीत भाजून बनवलेल्या, दळल्यावर सिमेंट होणाऱ्या गोळ्यांमध्ये) ॲलाइट हा कॅल्शियम सिलिकेट घटक साधारण ५०–७०% असतो. तो व बेलाइट हा दुसरा सिलिकेट घटक यांच्यापासून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते. पहिला पदार्थ जवळजवळ अस्फटिकी असून मुख्य बंधक तोच आहे. दुसऱ्याचे षट्कोनी पत्रे दिसतात. क्लिंकरमधील ॲल्युमिनेट व सिमेंटमध्ये मिसळलेले जिप्सम यांपासून एट्रिंगाइट या स्फटिकी पदार्थाच्या सुया तयार होतात. अशा रीतीने दोन्ही जुन्या मतांत तथ्य आढळले.

नमुन्याची तयारी : सूक्ष्मदर्शकात निर्वात अवस्था लागते, तर नमुन्यात पाणी असते, या अभ्यासातील खरी अडचण हीच. ठरलेल्या वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढून विक्रिया थांबवतात. नंतर नमुन्यात इपॉक्सी रेझीन भरून तो हिऱ्याच्या भुकटीने चकचकीत करतात व त्यावर कार्बनचा पातळ थर देतात. परत फेकल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत विक्रिया न झालेले क्लिंकर सर्वांत उजळ, कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्याहून कमी उजळ, सिलिकेट हायड्रेट करडे आणि छिद्रे काळी दिसतात. वाळवताना पडलेल्या भेगा मूळच्याच आहेत असा समज होण्याचा धोका असतो. पर्यावरणीय प्रकारच्या उपकरणात पाण्याची वाफ ठेवता येत असल्याने ओला नमुनाही पाहता येतो.

महत्त्व : काँक्रीटमधील खडीलगतचा सिमेंटचा थर अधिक सच्छिद्र असतो, हे या प्रतिमांवरून मोजता आले. क्लिंकर बनवताना कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, म्हणून सिमेंटमधील त्याचा वाटा कमी करण्याचे प्रयत्न होतात. भाजलेली चिकणमाती व चुनखडी वापरून क्लिंकरचे प्रमाण सु. ५०% वर आणणाऱ्या सिमेंटच्या विकासात स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठासोबत दिल्ली व मद्रास येथील आयआयटींचाही सहभाग आहे. असे सिमेंट टिकाऊ ठरेल का, हे ताकदीच्या चाचणीइतकेच त्यातील छिद्रांच्या रचनेवरून ठरवावे लागते.