समान संधीची नियमावली : अमेरिकेतील हौशी ऑटोक्रॉस आणि मोटारींच्या वर्गवारीचा इतिहास

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासात विक्रमांची आणि विजेत्यांची नोंद विपुल आढळते. नियमांच्या इतिहासाकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. वस्तुतः एखाद्या खेळात कोणी उतरावे आणि कोणी बाहेर राहावे, हे पुष्कळदा नियमावलीतील एखाद्या कलमानेच ठरलेले असते. ज्या खेळाचे साधनच मोटारीसारखे खर्चिक आहे, तेथे तर नियमाचा प्रत्येक शब्द स्पर्धकाच्या खिशाला जाऊन भिडतो. अमेरिकेतील हौशी ऑटोक्रॉस हे याचे बोलके उदाहरण असून, त्यातील मोटारींच्या फेरफारांविषयीचे नियम कसे घडत गेले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप आणि पूर्वपीठिका

भारतात आणि ब्रिटनमध्ये 'ऑटोक्रॉस' म्हटले की मातीच्या वा गवताच्या मैदानावरील शर्यत अभिप्रेत असते. अमेरिकेतील ऑटोक्रॉस त्याहून वेगळा आहे. मोकळ्या वाहनतळावर किंवा विमानतळाच्या फरसबंद पटांगणावर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो. चालक त्यावरून घड्याळाशी स्पर्धा करतो. शेजारी दुसऱ्याची मोटार नसते. एक फेरी साधारण मिनिटभराची असते, आणि शंकू पाडल्यास प्रत्येकी २ सेकंदांचा दंड वेळेत मिळवला जातो. सामान्य माणसाने रोजच्या वापरातील मोटार घेऊन यावे, स्पर्धा करावी आणि त्याच मोटारीने घरी परतावे, ही या खेळामागील मूळ कल्पना होय.

अशा स्पर्धांना अमेरिकेत पूर्वी 'जिमखाना' असेही म्हणत. बॉम्बे जिमखाना (१८७५) आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना (१९०६) यांमुळे मराठी वाचकाला हा शब्द घरचाच वाटेल. 'गेंदखाना' या हिंदुस्थानी शब्दावर इंग्रजी 'जिम्नॅस्टिक्स'चा संस्कार होऊन तो घडला असावा, असे सामान्यतः मानले जाते. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात त्याचा आढळलेला पहिला वापर रुरकी येथील, १८६१ चा असल्याची नोंद आहे. क्रीडास्थानाचे हे नाव पुढे घोडेस्वारांच्या कसरतीच्या खेळांना आणि तेथून मोटारींच्या कौशल्यस्पर्धांना मिळाले.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ मध्ये बोस्टन येथे स्थापन झाली. आरंभीची अनेक वर्षे रोख बक्षिसांना विरोध करण्याइतका तिचा हौशीपणाचा आग्रह कडवा होता. १९५२ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथील रस्त्यावरील शर्यतीत सात वर्षांचा एक मुलगा मृत्युमुखी पडला आणि सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींविरुद्ध लोकमत तापले. त्यानंतर काही काळ जनरल कर्टिस लमे यांच्या पुढाकाराने हवाई दलाचे तळ शर्यतींसाठी उपलब्ध झाले. कमी वेगाच्या, शंकूंच्या स्पर्धांना मोठा परिसर लागत नव्हता. त्या शहरोशहरी रुजल्या. १९७३ मध्ये मिसुरी राज्यातील वेन्ट्झव्हिल येथे या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि देशभराला लागू पडेल अशी वर्गवारी अपरिहार्य ठरली.

वर्गवारीचे तत्त्व

या वर्गवारीची रचना शिडीसारखी आहे. तळाशी 'स्टॉक', म्हणजे कारखान्यातून आली त्या स्थितीतील मोटार; त्यावर 'स्ट्रीट प्रिपेअर्ड', 'प्रिपेअर्ड' आणि शेवटी 'मॉडिफाइड'. वर जावे तशी फेरफारांची मोकळीक वाढते आणि मोटारीचा रस्त्याशी असलेला संबंध तुटत जातो. प्रत्येक पायरीवर पुन्हा मोटारींच्या क्षमतेनुसार उपवर्ग असतात. 'स्टॉक'साठी मोटारीचे त्या नमुन्याचे बारा महिन्यांत किमान १,००० नग तयार झालेले असावेत, अशी अट होती. स्पर्धेपुरत्या बनवलेल्या मोजक्या मोटारी त्यामुळे आपोआप दूर राहिल्या.

या नियमावलीचे मर्म एका तत्त्वात आहे : ज्या फेरफाराला स्पष्ट परवानगी नाही, तो निषिद्ध. सामान्य कायद्यात जे मना केलेले नाही ते मोकळे असते. येथे नेमके उलट आहे. ब्रेकचे पॅड, हवेच्या गाळणीचा आतील भाग, शॉक अॅब्सॉर्बर अशा मोजक्या वस्तू बदलता येत. त्यापलीकडे निरुपद्रवी वाटणारा बदलही मोटारीला वरच्या पायरीवर ढकलत असे. एखाद्या तरुणाने आपल्या जुन्या सिव्हिकला केवळ दिसण्यासाठी आखूड स्प्रिंग बसवल्या, तर त्याची गाठ शर्यतीचे टायर, रुंद चाके आणि नवी इंधनप्रणाली बसवलेल्या मोटारींशी पडे. नियमाच्या दृष्टीने दोघेही 'फेरफार केलेले'च.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या जपानी मोटारी सजवण्याची लाट अमेरिकन तरुणांत पसरली, तेव्हा ही उणीव ठळक झाली. संस्थेने त्यावर 'स्ट्रीट टूरिंग' हा नवा गट उभा केला. त्यात स्प्रिंग आणि सायलेन्सर बदलण्याची मुभा मिळाली. मात्र टायर रस्त्यावरचेच हवेत आणि चाकांच्या रुंदीलाही मर्यादा हवी, असे बंधन आले. नियमकर्त्यांनी येथे प्रथमच लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहून चौकट आखली, असे म्हणता येईल. ही गोष्ट व्हायला पाव शतक लागावे, हे थोडे आश्चर्याचेच आहे.

टायरचा प्रश्न

अधिक गंभीर विसंगती तळाच्या पायरीवरच निर्माण झाली होती. 'स्टॉक' गटात मोटार मूळ स्थितीत असावी लागे. परंतु रस्त्यावर वापरण्यास कायद्याने मान्य असलेला कोणताही टायर चालत असे. टायर कंपन्यांनी याच फटीतून कायदेशीर शिक्का असलेले, पण प्रत्यक्षात शर्यतीचे टायर बाजारात आणले. अत्यंत चिकट रबराचे हे टायर थोड्याच फेऱ्यांत आपली धार गमावत. शॉक अॅब्सॉर्बरवरही हजारो डॉलर खर्च होऊ लागले. ज्या गटात नवख्याने सहज यावे, तेथेच टिकाव धरणे खर्चिक झाले. एकही नियम मोडला गेला नव्हता, आणि तरीही नियमाचा हेतू पराभूत झाला होता.

२०१४ मध्ये 'स्टॉक'चे नाव बदलून 'स्ट्रीट' करण्यात आले आणि ते टायर तेथून हद्दपार झाले. टायरवर छापलेला झीज-निर्देशांक हा निकष ठरला. पुढे त्याची किमान मर्यादा २०० अशी स्थिरावली. जितका अंक मोठा, तितका टायर टिकाऊ, असा त्याचा सामान्य अर्थ. परंतु अमेरिकन सरकारच्या पद्धतीनुसार हा अंक टायरची निर्माती कंपनीच ठरवते. परिणामी २०० चा शिक्का असलेले आणि तरीही विलक्षण पकडीचे टायर लवकरच अवतरले. मात्र हे टायर पूर्वीच्यांपेक्षा अधिक काळ टिकतात आणि घालून घरी जाता येते, एवढा लाभ निश्चित झाला.

निरनिराळ्या वर्गांतील चालकांची तुलना करण्यासाठी रिक रूथ यांनी बनवलेला निर्देशांकही देशभर वापरात आला. त्यात प्रत्येक वर्गाला एक किंवा त्याहून लहान असा गुणक दिला जातो. एखाद्या वर्गाचा गुणक समजा ०.८०० असेल, तर त्यातील ६० सेकंदांची फेरी ४८ सेकंदांची धरली जाते. निकालांच्या अभ्यासातून हे गुणक दरवर्षी सुधारले जातात. आपल्या वर्गाचा गुणक अन्यायकारक असल्याची तक्रारही दरवर्षी ऐकू येते.

अंमलबजावणी आणि नवे पेच

नियम बदलण्याची प्रक्रिया सभासदांच्या पत्रांतून चालते : तज्ज्ञ समित्या ती तपासतात, सोलो इव्हेंट्स बोर्ड शिफारस करते आणि संचालक मंडळ मंजुरी देते. २००९ पासून राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातील लिंकन येथे भरते. तेथे प्रतिस्पर्ध्याच्या मोटारीविरुद्ध हरकत घेता येते. पण इंजिन उघडून ती निर्दोष ठरली, तर उघडण्या-जोडण्याचा खर्च हरकत घेणाऱ्यावर पडतो. पोकळ संशयाला आवर घालणारी ही तरतूद आहे. अर्थात, रास्त संशय असूनही ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याला ती गप्पही बसवते.

'मूळ स्थिती' म्हणजे कारखान्यातून निघाली ती स्थिती, हे गृहीतक इतकी वर्षे अबाधित होते. विक्रेत्याने दुकानात बसवलेला भागसुद्धा नियमावली मूळचा मानत नाही. विद्युत मोटारींनी या गृहीतकापुढे वेगळाच पेच उभा केला आहे. २०१८ मध्ये टेस्ला कंपनीने 'मॉडेल ३'च्या वेगवान प्रकाराला शर्यतीच्या मार्गासाठीची खास चालनपद्धती संगणकीय आज्ञावलीद्वारे दिली. २०१९ च्या अखेरीस त्याच मोटारीच्या दुसऱ्या एका प्रकाराचा वेग वाढवणारी सुधारणा २,००० डॉलरला विक्रीस ठेवली. यात पाना हाती घ्यावा लागला नाही, की एकही सुटा भाग बदलला गेला नाही. मालकाच्या घरासमोर रात्री उभी असलेली मोटार सकाळी अधिक वेगवान झालेली होती, आणि हा बदल करणारा तिचा निर्माताच होता.